एकशे पाच मिनिटांचा श्रोता

शब्दांनी राज्यं उलथली आहेत, शब्दांनी गुलामांच्या बेड्या तुटल्या आहेत, शब्दांपायी भावाने भावावर बंदूक रोखली आहे. पण ज्या शब्दांनी ते उच्चारणाऱ्याचाच जीव घेतला, असं भाषण मानवजातीच्या इतिहासात एकच झालं, आणि ते विल्यम हेन्री हॅरिसन या अमेरिकेच्या नवव्या राष्ट्राध्यक्षाने केलं.

हे वाक्य एल्डन ब्रुबेकर दर चार मार्चला, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी असताना म्हणायचा. त्या वेळी त्याच्या नाकाच्या शेंड्याला एक थेंब लोंबत असायचा, आणि समोरची मंडळी वाक्यापेक्षा थेंबाकडे जास्त लक्ष ठेवून असायची. थेंब पडला की टाळ्या व्हायच्या. एल्डनला वाटायचं, त्या वाक्याला आहेत.

ओहायो नदीच्या काठी कोब्स लँडिंग नावाचं अकराशे वस्तीचं गाव आहे, तिथली ही गोष्ट. १८४१च्या थंडीत हॅरिसन पदाची शपथ घ्यायला बोटीने निघाला, तेव्हा त्याची बोट वीस मिनिटं आपल्या धक्क्याला लागली होती, असं गावाचं म्हणणं आहे. कागदाचा पुरावा नाही. पण त्या वीस मिनिटांत त्याने गावात काय केलं असेल, याबद्दल चार मतं आहेत आणि त्यांतली तीन आडोशाला जाण्याबद्दलची आहेत.

हॅरिसनचं चरित्र एल्डनने आठवीच्या मुलांना तेहतीस वर्षं शिकवलं होतं. व्हर्जिनियातल्या मोठ्या हवेलीत जन्मलेल्या या गृहस्थाला निवडणुकीत लाकडी झोपडीत राहणारा, आंबवलेला सफरचंदाचा रस पिणारा साधा माणूस म्हणून लोकांपुढे उभं केलं, आणि लोकांनी तो रस पोटभर पिऊन त्याला निवडून दिलं. तेव्हा तो अडुसष्टचा होता. म्हातारा थकलाय असं विरोधक म्हणत होते, म्हणून शपथविधीला, चार मार्चच्या बोचऱ्या थंडीत तो कोट नाही, टोपी नाही असा उभा राहिला आणि पावणेदोन तास बोलला. साडेआठ हजारांना थोडे कमी शब्द, आणि त्यांत रोमन लोकांची एवढी गर्दी की अमेरिकन माणसाला बसायला जागा नाही. दुसऱ्यांदा उभा राहणार नाही, असं वचन त्याने त्याच भाषणात दिलं. पुढे आजारी पडला, डॉक्टरांनी एरंडेल दिलं, अफू दिली, आणि एकतिसाव्या दिवशी तो गेला. दिलेलं वचन इतक्या काटेकोरपणे पाळणारा राष्ट्राध्यक्ष त्यानंतर झाला नाही, असं एल्डन मुलांना सांगायचा.

अलीकडे काही संशोधक म्हणू लागले आहेत की थंडीचा नि भाषणाचा काही संबंध नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या घरी पिण्याचं पाणीच खराब होतं. एल्डनने हे मनाला लावून घेतलं होतं. भाषण निर्दोष सुटलं तर मग उरलं काय त्याच्यात?

तर या भाषणाचं अख्खं वाचन दर चार मार्चला, उघड्यावर, बिनकोटाचं आणि बिनटोपीचं करायचं, यासाठी गावात हॅरिसन स्मरण मंडळ होतं. मंडळाला घटना होती. घटनेचं चौथं कलम असं की, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत निदान एक श्रोता हजर असेल आणि त्याने वहीत सही केली, तरच वाचन झालं असं धरावं. नाहीतर परंपरा खंडित झाली असं समजून मंडळ विसर्जित करावं. पुढे त्यात दोन दुरुस्त्या झाल्या. १९३८ साली ठरलं की वाचकाच्या घरचं माणूस श्रोता म्हणून धरू नये. १९५२ साली ठरलं की कुत्रा धरू नये. दोन्ही दुरुस्त्यांना कारणं घडली होती.

गेली सव्वीस वर्षं वाचक एल्डन आणि श्रोता मर्ल ऑटिंजर. मर्ल घडीची खुर्ची टाकून गुडघ्यांवर घोंगडी घ्यायचा, पावणेदोन तास जागचा हलायचा नाही, शेवटी वहीत सही करायचा आणि म्हणायचा, "झकास झालं. रोमन तेवढे कमी असते तर." दरवर्षी हेच वाक्य. जानेवारीत मर्ल गेला. त्याच्या दफनानंतर त्याची मुलगी एल्डनचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबांना चार मार्च फार आवडायचा, काका. त्या दिवशी कानातलं मशीन घरी ड्रॉवरमध्ये ठेवून जायचे."

एल्डनने घरी येऊन घटना काढली. कलमात 'हजर' असा शब्द होता. 'ऐकणारा' असा नव्हता. सव्वीस वर्षं वाचली. मग तो जरा वेळ तसाच बसून राहिला. काही ऐकू येत नसताना सव्वीस वेळा पावणेदोन तास गारठ्यात बसणारा मित्र आपल्याला होता, हे त्याला नीट समजून घ्यायचं होतं. समजलं तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला, आणि चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

फेब्रुवारीत मंडळाची बैठक अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये भरली. नगर समितीतर्फे ग्लेंडा फेस्लर आली होती. ग्लेंडा एल्डनची जुनी विद्यार्थिनी. आता गावाचं पाणी खातं तिच्याकडे होतं.

"सर, मी आठवीत असताना तुम्ही हे भाषण आम्हाला वर्गात अख्खं वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली.

"आठवतंय ना तुला?"

"विसरेन कशी? तीन दिवस चाललं होतं. सुरू झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते, संपलं तेव्हा चौदा. मधल्या दिवशी माझा वाढदिवस होता आणि तुम्ही रोमन सेनापतींवर होतात."

"मग त्याचा फायदाच झाला की. समितीत बोलतेस कशी ठणठणीत."

"थोडक्यात बोलते, सर. ते तुमच्यामुळेच." तिने एक कागद पुढे सरकवला. "हे बघा. मी भाषणाचा सारांश केलाय. नऊ मिनिटांचा. चर्चच्या हॉलमध्ये, हीटर लावून. वर पांढऱ्या घेवड्याचं नि हॅमचं सूप, मक्याचा पाव. दीडशे माणूस येईल. मागच्या वर्षी तुमच्याकडे शेवटी किती होते?"

"एक."

"कोण?"

"मर्ल."

ग्लेंडाने मान खाली घातली. ती वाईट बाई नव्हती.

"नऊ मिनिटांत काय राहिलं त्या भाषणाचं?" एल्डनने विचारलं. "रोमन?"

"काढले."

"सगळे?"

"एक ठेवलाय. तुमच्यासाठी."

"नऊ मिनिटांत माणसाला साधी सर्दी होत नाही, ग्लेंडा. तो त्या भाषणाने मेला."

"पाण्याने मेला म्हणतात आता."

"तू पाणी खातं सांभाळतेस. निदान तू तरी असं बोलू नयेस."

बऱ्याच घासाघिशीनंतर तोडगा निघाला. एल्डनने बाहेर अख्खं वाचावं, त्याच वेळी आत हॉलमध्ये नऊ मिनिटांचं होईल. बाहेर शेवटपर्यंत एक जरी श्रोता टिकला, तर पुढच्या वर्षापासून पुन्हा फक्त बाहेर, आणि नऊ मिनिटांचा कागद ग्लेंडा स्वतः फाडील. नाही टिकला, तर कलम चार.

"मी काही तुम्हाला फासावर देत नाहीये, सर," ग्लेंडा निघताना म्हणाली. "गरम हॉलमध्ये बसवतेय."

घरी बायकोला, व्हर्नाला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती.

"सूप कोण करतंय, विचार," ती म्हणाली.

"कोण?"

"मी."

एल्डन खुर्चीत बसला. "व्हर्ना, तू शत्रूच्या गोटात?"

"शत्रू कसला, चर्चचा हॉल आहे. आणि मी बाहेर बसले असते तरी धरलं असतं का मला? तुझ्या त्या अडतीस सालच्या कलमात घरच्यांपेक्षा कुत्रा चौदा वर्षं जास्त चालला." तिने सुरी खाली ठेवली. "यंदा तू अडुसष्टचा आहेस, एल्डन. तोही अडुसष्टचाच होता. तेवढं एक साम्य मला नकोय. आत लोकरीचं घालशील?"

"घटनेत फक्त कोट नि टोपी म्हटलंय."

"मग आतून मेंढी दिसलास तरी चालेल मला."

चार मार्चला सकाळपासून बर्फाळ पाऊस भुरभुरत होता. एल्डनच्या मते हवामान आदर्श होतं. पावणेबाराला गावातल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून ट्रॉली बेकरीसमोर चौकाच्या कडेला लावली आणि तो ट्रॅक्टरवरून उतरला तो थेट हॉलकडे गेला. ट्रॉलीवर स्टँड, स्टँडवर भाषणाचे कागद, कागदांवर दगड. एल्डन लोकरीचे दोन गंजीफ्रॉक आणि दोन विजारी चढवून वर उभा राहिला. व्हर्ना म्हणाली तसाच दिसत होता. समोर एकतीस माणसं होती. हा आकडा मोजल्यावर त्याला फार बरं वाटलं. राष्ट्राध्यक्ष तेवढेच दिवस टिकला होता.

त्याने टोपी काढली, ते थोर वाक्य म्हटलं, थेंब पडला, टाळ्या झाल्या, आणि पहिला रोमन आला.

आता ओहायोच्या माणसाला उठून सरळ निघून जाता येत नाही. त्याला आधी दोन्ही हात मांड्यांवर आपटून 'बरं तर' म्हणावं लागतं. त्याशिवाय निघणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. बोलणाऱ्याला मध्येच तोडणं तर त्याहून वाईट. घराला आग लागली तरी इथला माणूस शेजाऱ्याचं बोलणं संपायची वाट बघतो. त्यामुळे भाषणाच्या सहाव्या मिनिटाला पहिला थपकारा ऐकू आला. थप्. "बरं तर." माणूस हलक्या आवाजात पुटपुटला, आणि पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी, हसत हसत हॉलच्या दिशेने गेला.

नवव्या मिनिटाला हॉलमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. हॅरिसन आत संपला होता. दार उघडलं आणि हॅमचा वास चौकात आला. मग थपकाऱ्यांचा धडाकाच लागला. थप्, बरं तर. थप् थप्, बरं तर, बरं तर. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याच्या वाचनाला लोक ताल धरतायत. एल्डन राज्यघटनेतल्या अधिकारांच्या वाटणीवर पोचला तेव्हा अकरा उरले होते. नकाराधिकारावर आला तेव्हा चार.

चाळिसाव्या मिनिटाला उरली एक पोस्टमास्तरीणबाई. तिच्याकडे बघून एल्डनने आवाजात आर्जव आणलं. खरं तर तिथे मजकूर टपाल खात्याबद्दल नव्हता, तरी त्याने 'सार्वजनिक सेवक' हे शब्द तिच्याकडे बघून म्हटले. ती लाजली. दोन मिनिटं आणखी थांबली. मग तिने फार हळू, जणू मांड्यांची क्षमा मागत, हात आपटले.

समोर घडीच्या रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यावर साचत चाललेला बर्फाचा भुगा. मर्लच्या जागी कुणी खुर्ची मांडली नव्हती. तिथेच तेवढी जमीन ओली दिसत होती.

एल्डनने पान उलटलं. थांबायचं कारण आता काहीच उरलं नव्हतं, आणि थांबलं तर कलम चार आजच्या आज लागू. वाचत राहिलं तर निदान आणखी तासभर मंडळ जिवंत होतं. तो वाचत राहिला. बोटं बधिर झाली होती, त्यामुळे पानं दोन-दोन उलटत होती, आणि प्रत्येक वेळी तो प्रामाणिकपणे मागे येत होता.

वाचनाला तास झाला तेव्हा व्हर्ना आली. एका हातात सुपाचा डाव तसाच होता. ट्रॉलीवर चढून तिने त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळला. घटनेत मफलरचा उल्लेख नव्हता. एल्डन वाचत होता, त्यामुळे तिच्याशी बोलू शकत नव्हता; त्याने भुवया तेवढ्या वर केल्या.

"आत दीडशेच्या वर माणूस आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, एक जण तरी जा रे बाहेर. म्हणाले, आता उपयोग काय, पहिल्या शब्दापासून हवं ना." ती जराशी तिथेच उभी राहिली. "मी मोजली जात नाही, माहितीये मला. तरी हे पान संपेपर्यंत थांबते. वाच."

ते पान संपलं. सूप करपायच्या आत तिला जावं लागलं.

ती गेली आणि चमत्कार झाला. ट्रॉली आणि बेकरीची भिंत यांच्या मध्ये एक राखाडी गाडी उभी होती. ट्रॉली लावायच्या आधीपासून होती. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे एल्डनने ती रिकामीच धरली होती. तिच्या चालकाच्या बाजूची काच खर्रकन खाली आली, आणि आतून पन्नाशीचा एक गृहस्थ, गालफड भरलेलं, एल्डनकडे बघू लागला.

एल्डनने स्टँड घट्ट धरला, अंग गाडीकडे वळवलं आणि उरलेलं भाषण एका माणसासाठी वाचायला सुरुवात केली. गृहस्थाने मान हलवली. एल्डनने आवाज चढवला. गृहस्थाने तोंड उघडलं, काही बोलावंसं वाटल्यासारखं, आणि पुन्हा मिटलं. तो भारावलाय हे एल्डनच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं कुणी भारावलेलं त्याने पाहिलं नव्हतं, म्हणून आनंदाच्या भरात त्याने स्वातंत्र्यावरचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. तेव्हा गृहस्थाने हळूच कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

शेवटचं वाक्य आलं. हॅरिसन म्हणतो, मी आता तुमचा प्रेमपूर्वक निरोप घेतो. दरवर्षी इथे मर्ल खुर्ची मिटायचा. एल्डनने ते वाक्य वाचलं, कागद खाली ठेवले आणि गाडीतल्या माणसाला लवून नमस्कार केला.

हॉलमधून मंडळी बाहेर येत होती. सगळ्यांत पुढे ग्लेंडा, हातात सुपाचा वाडगा. "संपलं, सर? या, घोटभर घ्या आधी. ओठ निळे पडलेत." मग खालच्या आवाजात, "मला वाईट वाटतंय. खरंच."

"वही आण," एल्डन म्हणाला.

"कशाला?"

त्याने गाडीकडे बोट दाखवलं. गृहस्थ दार उघडून उतरला. त्याच्या कोटावर साखरेच्या आयसिंगचे पांढरे डाग होते. ग्लेंडाच्या मागोमाग व्हर्ना आली होती, तिने वाकून गाडीत पाहिलं. बाजूच्या सीटवर केकचा डबा होता. नारळाचा केक, वर 'आई' असं लिहिलेलं. त्याच्या आधी जे काही लिहिलं असेल ते खाऊन झालेलं.

"तुम्ही कधीपासून आहात इथे?" ग्लेंडाने विचारलं.

"बेकरीतून केक घेऊन बाहेर आलो तेव्हा बाराला पाचेक मिनिटं असतील. यांनी टोपी काढली तेव्हा मी गाडीत बसलो होतो."

"सगळं ऐकलंत?"

"हो मॅडम."

"सगळं?"

"स्वातंत्र्याचं दोनदा."

ग्लेंडाने एल्डनकडे पाहिलं. "नात्यात नाहीत ना तुमच्या?"

"मी यांना आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," एल्डन म्हणाला.

वही आली. गृहस्थाने सही केली: डेनिस कोवॅलिक, टोलेडो, ओहायो. शाई थंडीने उमटेना, तेव्हा त्याने पेनच्या टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा नीट गिरवली. मर्लच्या सव्वीस सह्यांखाली ती सत्ताविसावी. ग्लेंडाने खिशातून नऊ मिनिटांचा कागद काढला, दोन भाग केले, चार केले, आणि म्हणाली, "बरं तर. पुढच्या वर्षी बाहेर." गर्दीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. हातमोजे असल्यामुळे त्या टाळ्या गाद्या झटकल्यासारख्या वाजल्या. व्हर्नाने एल्डनच्या खांद्यावर कोट टाकला आणि तिथेच हात ठेवला.

एल्डन ट्रॉलीवरून खाली उतरला. गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्याला दोघांनी उतरवलं. त्याने कोवॅलिकचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्हाला कल्पना नाही तुम्ही आज काय केलंत," तो म्हणाला. "एक सांगा. कोणता भाग मनाला भिडला?"

कोवॅलिकने प्रामाणिकपणे विचार केला.

"दुसऱ्यांदा उभा राहणार नाही म्हणाले, तिथे," तो म्हणाला. "तिथे मला वाटलं, आलं संपत."

"तो शब्द त्यांनी पाळला," एल्डन म्हणाला.

"वारले ना नंतर? वाईट वाटलं ऐकून." कोवॅलिकने घसा खाकरला, मांड्यांवर दोन्ही हात हळूच टेकवले, आणि मग संकोचाने इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुमचं चाललं होतं म्हणून मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. पण आता झालंच आहे, तर कुणी ही ट्रॉली तेवढी हातभर पुढे घेईल का? माझी गाडी निघत नाहीये."